क्लचच्या नळीतलं बारीक भोक : परफॉर्मन्स गाड्यांच्या हायड्रॉलिक्सची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा लेखी भाग. कारमधलं फारसं कळत नसलं तरी चालेल. बाइकचा क्लच दाबता येतो ना? मग पुरे.

आजची गोष्ट एका भोकाची आहे. क्लचच्या नळीत कंपनीने मुद्दाम ठेवलेलं, सुईच्या जाडीच्या आसपासचं भोक. हजारो गाडीवाल्यांनी ते ड्रिलने मोठं केलं किंवा तो तुकडाच काढून फेकला. ते बरोबर होते का? उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असं नाही, आणि म्हणूनच हा विषय घेतला.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणा. २००६ ची शेव्हरोले कॉर्व्हेट झी-झीरो-सिक्स. सात लिटरचं इंजिन, ५०५ हॉर्सपॉवर, ७,००० आरपीएमपर्यंत फिरणारं. ट्रॅकवर तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये शेवटपर्यंत ताणलंय. क्लच दाबला, तिसरा टाकला, पाय उचलला... आणि पेडल वर आलंच नाही! जमिनीला चिकटून बसलंय. इंजिन ओरडतंय, चाकांना ताकद नाही, आणि पुढे वळण आहे.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. १९९७ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटपासून ही तक्रार मालक करत आले. त्याच काळात कमॅरोवाले म्हणत होते की जोरात गिअर बदलताना क्लच पायाच्या मागे राहतो. तिकडे बीएमडब्ल्यूवाल्यांचं म्हणणं होतं की गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उगाच अडखळते. तिघांचा संशय एकाच ठिकाणी: क्लचची नळी.

आता प्रश्न असा की क्लचला नळी आली कुठून? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

तार ते तेल

तुमच्या बाइकला क्लचची केबल असते. लिव्हर ओढला की तार ओढली जाते, क्लच प्लेटा सुटतात. साधं, स्वस्त, रस्त्याच्या कडेला दुरुस्त होणारं. मारुती ८०० मध्येही केबलच होती. पण केबल ताणते, गंजते, तिला वळणं दिली की घर्षण वाढतं. आणि इंजिन जितकं ताकदवान, तितका क्लचचा स्प्रिंग कडक. मग पाय दुखतो.

यावरचा उपाय फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कलने लिहून ठेवला होता. त्याचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. मुद्दा असा: बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठं असेल, तर लहान तोंडावरचा एक माणूस मोठ्या तोंडावरच्या शंभर जणांना तोलून धरतो. घरी करून बघायचं असेल तर दोन इंजेक्शनच्या सिरिंज घ्या, एक बारीक, एक जाड. सलाइनच्या नळीने जोडा, पाणी भरा. बारीक सिरिंज दाबणं सोपं जातं, पण जाडीचा दट्ट्या थोडासाच सरकतो. जोर वाढला, अंतर घटलं. फुकट काही मिळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७९५ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व तयार होतं, पण पाणी गळायचं. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेला चामड्याच्या वाटीसारख्या सीलचं श्रेय दिलं जातं. दाब वाढेल तशी ती वाटी भिंतीला आणखी घट्ट बसायची. या गोष्टीचा पहिला धडा इथेच मिळतो: हायड्रॉलिक्समध्ये पास्कल फार क्वचित चुकतो, सील मात्र नेहमी दगा देतं.

गाड्यांमध्ये हे तंत्र ब्रेकच्या वाटेने आलं. अमेरिकेत माल्कम लॉखीड याने १९१७ च्या सुमारास हायड्रॉलिक ब्रेकची पेटंटं मिळवली. हो, विमानांच्या लॉकहीड कंपनीशी जोडलेलं तेच घराणं. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीची गाडी चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक लावून फ्रान्सच्या ल माँ इथल्या ग्रां प्रीमध्ये उतरली आणि जिमी मर्फीने ती शर्यत जिंकली. १९२४ च्या क्रायस्लरने ते सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत आणलं, आणि गळकी चामडी सीलं जाऊन रबराच्या वाट्या आल्या.

ब्रेकमध्ये चाललं ते क्लचमध्येही आलं. १९५९ च्या मिनीमध्ये इंजिन आडवं होतं, रबरी माउंटांवर डुलायचं. डुलणाऱ्या इंजिनाशी लोखंडी दांडे जुळवत बसण्यापेक्षा लवचिक नळी बरी, म्हणून तिला हायड्रॉलिक क्लच मिळाला. कॉर्व्हेटला तो १९८४ च्या मॉडेलपासून आला, पोर्शे ९११ ला १९८७ मध्ये, आणि फोर्ड मस्टँगने तर २००४ पर्यंत केबलच चालवली.

रचना साधी आहे. पेडलमागे मास्टर सिलिंडर, म्हणजे आपली बारीक सिरिंज. क्लचजवळ स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे जाड सिरिंज. मधे नळी, आणि आत ब्रेक ऑइल. पेडल दाबलं की स्लेव्ह पुढे सरकतो, रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग डायफ्राम स्प्रिंगच्या बोटांवर दाब देतं आणि क्लच सुटतो. पाय उचलला की सगळं उलटं: स्प्रिंग तेलाला मागे ढकलतो, तेल पेडलला वर ढकलतं.

म्हणजे बघा, पेडल वर आणण्याचं मुख्य काम स्प्रिंगचं आणि मागे येणाऱ्या तेलाचं. तेल अडलं तर पेडल अडलं.

स्लेव्ह आत गेला आणि डोकेदुखी सुरू झाली

जुन्या गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर असायचा. दोन बोल्ट काढले की हातात. नंतर डिझायनरांनी तो आत नेला. इनपुट शाफ्टभोवती बांगडीसारखा बसणारा हा कॉन्सेंट्रिक स्लेव्ह बेअरिंगला सरळ ढकलतो, त्यामुळे मधला फोर्क वाचतो आणि जोर समान पडतो. कमॅरोत तो १९९८ च्या एलएस-वन इंजिनाबरोबर आला, कॉर्व्हेटमध्ये १९९७ पासून.

कागदावर सुंदर. पण आता हा रबरी सीलवाला भाग क्लचच्याच खोलीत राहायला गेला. तिथे क्लचची धूळ आहे आणि घासण्याची उष्णता आहे. शिवाय बाहेर जवळच एक्झॉस्ट तापलेला. पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये तर गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ आणि क्लच पुढे इंजिनाला, दोघांना जोडणारी लांब टॉर्क ट्यूब. स्लेव्हचं एक सील गेलं की मागचा गिअरबॉक्स आणि टॉर्क ट्यूब दोन्ही खाली उतरवायचे. छोट्या सीलपायी अर्धी गाडी मोकळी करावी लागते.

एअर काढणंही अवघड, कारण ब्लीड करायचा नट हाताला लागत नाही. म्हणून सुट्या भागांच्या बाजारात एक साधी, फार उपयोगी वस्तू आली: ब्लीडरला जोडलेली जाळीदार स्टीलची नळी, जिचं दुसरं टोक सहज पोचेल अशा जागी आणून ठेवायचं. यात हॉर्सपॉवर शून्य वाढतो, पण तेल वेळच्या वेळी बदललं जातं.

भोक कुणी ठेवलं, आणि का?

बीएमडब्ल्यूने १९९० च्या दशकापासून बऱ्याच मॅन्युअल गाड्यांच्या नळीत स्लेव्हजवळ एक छोटा तुकडा बसवला. नाव क्लच डिले व्हॉल्व्ह. त्याचं काम एकच: तुम्ही पाय झटकन उचललात तरी तेल हळू मागे येऊ द्यायचं, म्हणजे क्लच हळू धरेल. कमॅरोच्या नळीतही मास्टर सिलिंडरजवळ अशीच अरुंद जागा होती.

आता कंपनीच्या जागी उभं राहून विचार करा. गाडी कोण घेणार हे तुमच्या हातात नाही. कुणीतरी ४,००० आरपीएमवर पाय सरकवून क्लच सोडणारच. त्या क्षणी फिरणाऱ्या फ्लायव्हीलची सगळी ऊर्जा गिअरबॉक्स, डिफरन्शियल, अॅक्सल यांच्यावर हातोड्यासारखी आदळते. वॉरंटीत गिअरबॉक्स बदलून देण्यापेक्षा तेलाच्या वाटेत भोक ठेवणं कितीतरी स्वस्त.

आमच्या धंद्यातली उपमा देतो. जुन्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये अचानक दोनशे मिलिसेकंदांचा स्लीप सापडतो. वर कॉमेंट नाही, लिहिणारा कधीच दुसरीकडे गेला. नवीन पोरगा येतो, म्हणतो, हे कशाला? काढतो. ॲप पळायला लागतं, सगळे टाळ्या वाजवतात. तीन आठवड्यांनी पलीकडचा सर्व्हर कोलमडतो. त्या स्लीपला काम होतं. फक्त ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

पण कंपनीचा हिशोब पूर्ण बरोबर होता असंही नाही. जो ड्रायव्हर नीट, पटकन गिअर बदलतो, त्याच्यासाठी हे भोक उलटं काम करतं. पाय वर आला, त्याने ॲक्सिलरेटर दिला, आणि क्लच अजून अर्धवटच धरलेला. प्लेट घासते, तापते. धक्का टाळायला बसवलेला भाग चांगल्या ड्रायव्हरच्या हातात क्लच झिजवतो. घाटात हाफ क्लचवर गाडी धरणाऱ्यांना हा वास ओळखीचा असेल!

ड्रिल हातात घेतल्यावर

कमॅरोवाल्यांनी नळी काढली, अरुंद जागेत ड्रिल फिरवलं, लोखंडाचा कीस नीट धुतला आणि परत बसवली. खर्च जवळजवळ शून्य. बीएमडब्ल्यूवाल्यांनी व्हॉल्व्ह काढून नळी सरळ जोडली. दोघांनाही फरक लगेच जाणवला. क्लच आता पायाचं ऐकत होता.

मग पुढची पायरी: मोठा मास्टर सिलिंडर. इथे पास्कलचा हिशोब करून बघू. समजा, आधीचा दट्ट्या पाऊण इंच व्यासाचा, नवीन सात अष्टमांश इंचाचा. फरक दिसायला इंचाचा आठवा भाग. पण तेल क्षेत्रफळावर ठरतं, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. ३६ ला ४९ हे प्रमाण येतं. म्हणजे पेडलच्या तेवढ्याच प्रवासात ३६ टक्के जास्त तेल ढकललं जाणार. स्लेव्ह आधी १० मिलिमीटर सरकत असेल तर आता साडेतेराच्या वर.

याचा खरा फायदा गिअरबॉक्सला होतो. क्लच पूर्ण सुटत नसेल तर तुम्ही तिसरा टाकताना शाफ्ट थोडा ओढलेलाच असतो. मग दोन्हींचा वेग जुळवण्याचा भार पितळी सिंक्रो रिंगांवर येतो. कमी आरपीएमला कळत नाही, साडेसहा हजारांवर गिअर करकरतो किंवा आत जायलाच नकार देतो. लोक म्हणतात गिअरबॉक्स कमजोर. प्रत्यक्षात क्लच अर्धवट सुटत असतो आणि सिंक्रो बिचारे त्याचा हप्ता भरत असतात.

पण फुकट काही मिळत नाही, आठवतंय ना? पेडलही ३६ टक्के जड होणार. आणि धोका याहून मोठा: जास्त तेल गेलं तर स्लेव्ह हद्दीबाहेर सरकतो. सील फाटू शकतं, डायफ्रामची बोटं वाकू शकतात. म्हणून अनुभवी माणसं मोठ्या मास्टरबरोबर पेडलखाली स्टॉपर लावतात. क्लच सुटला की पेडल तिथेच थांबलं पाहिजे.

आणि नळीतला अडथळा गेल्यावर धक्का कुठे गेला? पुढच्या कमजोर कडीवर. त्या काळच्या कमॅरोचा मागचा टेन-बोल्ट अॅक्सल नाजूक म्हणून बदनाम आहे. चिकट टायर लावून, क्लच झटकन सोडून ड्रॅग स्ट्रिपवर निघालं की त्याचे दात जायचे. ज्यांनी भोक मोठं केलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढे अॅक्सलवर डॉलर ओतावे लागले. याचा अर्थ ड्रिल चूक होतं असा घेऊ नका. धक्का कुठेतरी जाणारच, तो कुठे जावा हे आधी ठरवायला हवं, एवढंच.

आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला

आता परत कॉर्व्हेटच्या चिकटलेल्या पेडलकडे. लोकांनी मास्टर बदलले, स्लेव्ह बदलले, नळ्या बदलल्या. काहींचं काम झालं, काहींचं नाही. कारण इथे दोषी एकटा नव्हता.

पहिला, डायफ्राम स्प्रिंग. तो इंजिनाबरोबरच फिरतो. ७,००० आरपीएमवर त्याच्या बोटांवर जबरदस्त केंद्रोत्सारी बल असतं. बोटं गरजेपेक्षा जास्त आत दाबली गेली, तर हे बल त्यांना तिथेच धरून ठेवायला मदत करतं. स्प्रिंग परत यायला कचरतो, तेल परत येत नाही, पेडल खालीच. आरपीएम उतरले की आपोआप सुटतं. अशा वेळी मोठा मास्टर लावला तर बोटं आणखी आत जातात. म्हणजे आगीतून फुफाट्यात!

दुसरा, पेडलवरचा मदतनीस स्प्रिंग. पेडल हलकं वाटावं म्हणून तो अर्ध्यानंतर पेडलला खाली ओढतो. एकीकडे तेल पेडलला वर ढकलायला धडपडतंय, दुसरीकडे हा खाली खेचतोय. बऱ्याच मालकांनी तो काढून टाकला. पेडल थोडं जड झालं, पण वर यायला लागलं.

तिसरा, आणि सगळ्यात दुर्लक्षित: तेल. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ तेल कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा अमेरिकन नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा अर्धा प्रवास वाफेचे बुडबुडे दाबण्यात संपतो. त्यात क्लचची धूळ स्लेव्हच्या सीलवाटे तेलात शिरते आणि तेल काळं पडतं. ती धूळ मग सीललाच पॉलिश पेपरसारखी घासते.

यावर कॉर्व्हेटवाल्यांमध्ये एक गावठी उपाय पसरला. सिरिंजने टाकीतलं काळं तेल उपसायचं, टाकी पुसायची, नवीन भरायचं, पेडल वीस-तीस वेळा मारायचं, परत उपसायचं. तेल स्वच्छ दिसेपर्यंत हेच. ब्लीड नटाला हातही लावायचा नाही. कितीतरी गाड्यांचं पेडल एवढ्यावरच सुधारलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो असा.

मग टिकणारा बदल कोणता?

या तीस-एक वर्षांतून एक क्रम तयार झालाय, आणि तो स्वस्ताकडून महागाकडे जातो. आधी तेल. मग नळीला एक्झॉस्टपासून दूर नेणं किंवा उष्णतारोधक आवरण घालणं. कधीतरी दुसऱ्या कारणाने गिअरबॉक्स उतरलाच, तर त्याच वेळी नवीन स्लेव्ह आणि बाहेर आणलेला ब्लीडर. नवा क्लच बसवताना बेअरिंग आणि डायफ्रामच्या बोटांमधलं अंतर मोजायचं. जास्त असेल तर स्लेव्हमागे शिम घालायची, कारण वेगळ्या क्लचची उंची वेगळी असते आणि इथले दोन-तीन मिलिमीटर पुढे सगळं बिघडवतात. मोठा मास्टर, आणि त्याच्यासोबत स्टॉपर, हे सगळ्यात शेवटी.

यादी नीट बघितलीत तर लक्षात येईल की वेग वाढवणाऱ्या आणि आयुष्य वाढवणाऱ्या गोष्टी इथे बऱ्याचशा एकच आहेत. पूर्ण सुटणारा क्लच गिअरही पटकन घेतो आणि सिंक्रोही वाचवतो. अपवाद त्या भोकाचा. तिथे मात्र निवड करावी लागते: क्लच तुमच्या पायाचं ऐकेल, किंवा कारखान्यात बसलेल्या इंजिनिअरचं.

पाय कुणाचा?

कॉर्व्हेटने ही निवड २०२० मध्ये संपवली. आठव्या पिढीत मॅन्युअल गिअरबॉक्सच नाही, फक्त ड्युअल क्लच. पेडल गेलं, म्हणून चिकटणंही गेलं.

पण तेल आणि स्लेव्ह गेले नाहीत. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओ एएमटी घेऊन आली. मॅग्नेटी मारेल्लीच्या त्या किटमध्ये पायाच्या जागी विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप दाब देतो. २०२० मध्ये ह्युंदाई व्हेन्यूला आयएमटी मिळालं. गिअर तुम्ही हाताने टाकायचा, क्लच पेडल नाहीच. लिव्हर हलवायला घेतलात की सेन्सरला कळतं, ॲक्च्युएटर दाब तयार करतो आणि तेल नळीतून जातं... कॉन्सेंट्रिक स्लेव्हकडे. तोच बांगडीसारखा स्लेव्ह!

एएमटीमध्ये गिअर बदलताना मान पुढे-मागे हलते, त्याची आपण सगळे चेष्टा करतो. आता तुम्हाला माहीत आहे की त्या क्षणी काय ठरवलं जातंय: क्लच लवकर धरला तर धक्का, उशिरा धरला तर प्लेट घासणार. बीएमडब्ल्यूच्या भोकाने जे उत्तर सगळ्यांना सरसकट दिलं होतं, ते आता कोडच्या काही ओळी प्रत्येक गिअरला वेगळं देतात.

धातूतलं भोक निदान डोळ्यांना दिसायचं. ज्याला नको होतं त्याला ड्रिल घेऊन बसता यायचं आणि पुढे अॅक्सल तुटला तर कारणही समजायचं. कोडमधलं भोक कंट्रोल युनिटमध्ये बंद आहे. तिथे काय आकडा लिहिलाय आणि तो का लिहिलाय, हे गाडी विकत घेणाऱ्याला बघता येत नाही. असा आकडा लिहिणारे माझ्यासारखेच कुणी तरी असतात. निदान वर एक कॉमेंट तरी लिहा मंडळी.

तुमच्या गाडीच्या क्लचच्या टाकीचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं? बहुतेक गाड्यांत ते ब्रेकच्याच टाकीला जोडलेलं असतं. या रविवारी बघा, आणि तेलाचा रंग काय निघाला ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.